सीमेवरची पाकिटे : पांढुर्णा आणि सौंसरच्या टपालाचा इतिहास

नुसत्या टपाल तिकिटावरून पांढुर्णा किंवा सौंसर ओळखता येत नाही. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली तिकिटे साऱ्या देशात सारखीच विकली जातात. रत्नागिरीला घेतलेल्या आणि सौंसरला घेतलेल्या तिकिटात काडीचाही फरक नसतो. फरक पडतो तो शिक्का बसल्यावर. शिक्का कोणत्या कचेरीचा, तारीख कोणती, तिकिटे किती पैशांची, पत्ता कसा लिहिला, पाकीट कोणत्या वाटेने गेले, पोहोचल्याचा ठसा मागे कधी उमटला, एवढे सगळे एका कागदावर असले की तो कागद त्या गावाच्या इतिहासाचे साधन होतो. म्हणून गावाच्या किंवा जिल्ह्याच्या टपालाचा संग्रह करणारी माणसे कोऱ्या तिकिटांमागे फारशी धावत नाहीत. त्यांना हवे असते ते प्रत्यक्ष टपालातून गेलेले अख्खे पाकीट. संग्राहकांच्या बोलीत त्याला 'कव्हर' म्हणतात.

पांढुर्णा आणि सौंसर ही मध्य प्रदेशातली, महाराष्ट्राच्या सीमेजवळची, सातपुड्याच्या घाटाखाली नागपूरच्या सपाट मुलखाला लागून असलेली गावे. सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, तर पांढुर्णा नागपूर-बैतूल रस्त्यावर. जमीन काळी, पिके कापसाची आणि संत्र्याची, घरातली बोली मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर माहीत झाले आहे. बाजार, दवाखाना, कॉलेज, सोयरीक यांसाठी इथली माणसे नागपूरकडे बघतात. सरकारी कामासाठी मात्र भोपाळ, आणि २०२३ पर्यंत छिंदवाडाही, गाठावे लागे. दोन दिशांची ही ओढ कचेरीच्या दप्तरापेक्षा लोकांच्या पत्रव्यवहारात जास्त स्पष्ट उमटलेली आहे.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. गादीला औरस वारस नाही हे कारण दाखवून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, आणि देवगडच्या जुन्या गोंड राज्याचा हा मुलूखही इंग्रजांकडे गेला. हिंदुस्थानभर चालणारी पहिली तिकिटे १ ऑक्टोबर १८५४ पासून वापरात आली, म्हणजे नागपूरचे राज्य बुडाले त्याच्या पाठोपाठ. त्याआधी पत्राचा हशील अंतरावर ठरत असे. आता पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशाच्या कोणत्याही टोकाला जाऊ लागले, आणि तिकीट न लावलेल्या पत्राचा दुप्पट हशील घेणाऱ्याकडून वसूल होऊ लागला. अशा पत्राला हिंदी मुलखात 'बैरंग' म्हणत, मराठीत पुढे 'नॉटपेड' शब्द रूढ झाला. सीमेवरच्या या गावांत दोन्ही शब्द कानावर पडत.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि छिंदवाडा त्यातला एक जिल्हा ठरला. सौंसर ही त्याची घाटाखालची तहसील, आणि पांढुर्णा तेव्हा याच तहसिलीत मोडत असे. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर या भागाच्या टपालाची दिशा पक्की झाली. पत्र मुंबईला जायचे असो की कलकत्त्याला, ते आधी नागपूरच्या बाजूला उतरायचे. गाव ते नागपूर हा टप्पा हरकारे, बैलगाडी आणि टांगा यांवर चाले. शिक्क्यांच्या तारखांवरून हे अंतर कापायला पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात किती वेळ लागे याचा अंदाज बांधता येतो; मात्र त्यासाठी पाठवल्याचा आणि पोहोचल्याचा, दोन्ही ठसे वाचता यायला हवेत.

सामान्य माणसाच्या हाती टपाल आले ते १८७९ च्या पोस्टकार्डामुळे. किंमत पाव आणा, म्हणजे जुन्या हिशेबाचा एक पैसा. त्याच सुमारास व्ही. पी. आणि मनिऑर्डर आली, १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. खेड्यात नवे पोस्ट उघडताना सरकार ते प्रयोगादाखल उघडी आणि पुरेसे टपाल मिळाले तरच कायम करी. अशा कचेऱ्यांच्या शिक्क्यात 'एक्स्पेरिमेंटल' असा उल्लेख असे. काही कचेऱ्या लवकरच बंद पडल्यामुळे त्यांचे ठसे आज फार शोधले जातात. पुष्कळ ठिकाणी शाळामास्तरच शाखा पोस्टमास्तर असत. एकाच वाड्यात सकाळी शाळा भरे आणि दुपारी पोस्टाची थैली बांधली जाई.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसाने या भागाचा कायापालट केला. पांढुर्णा आणि सौंसर येथे सरकी काढण्याचे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले. लोधीखेड्याला पितळ-तांब्याच्या भांड्यांचे काम चाले. अडत्यांचा नागपूर, हिंगणघाट, वर्धा आणि मुंबईशी रोजचा पत्रव्यवहार असे: भाव, गाठींची संख्या, हुंडी, वायदा. दुसऱ्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रुळांची छोटी गाडी नागपूरहून सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना या वाटेने घाट चढून छिंदवाड्याला जाऊ लागली. १९२० च्या दशकात नागपूर-इटारसी हा मोठ्या गाडीचा रस्ता पूर्ण झाला आणि पांढुर्णा दिल्लीच्या थेट मार्गावर आले. शेजारच्या दोन गावांपैकी एकाला छोटी गाडी मिळाली, दुसऱ्याला मोठी. त्यामुळे एकाच दिवशी टाकलेली पत्रे वेगवेगळ्या वाटांनी फिरत. सौंसरची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि काही वर्षांनी त्याच वाटेवर मोठी गाडी धावू लागली.

त्या काळातली व्यापारी पाकिटेच आज सर्वाधिक हाती लागतात, आणि त्याचे कारण साधे आहे. घरगुती पत्र वाचून झाले की चुलीत जाई किंवा तारेला टोचले जाई. दुकानदार मात्र पत्रे वर्षावर्षाची गठ्ठ्यात बांधून माळ्यावर ठेवी, कारण उद्या हिशेबाचा वाद निघाला तर तोच पुरावा. पुढे वाडा विकला, दुकान मोडले की ते गठ्ठे रद्दीत निघाले आणि नागपूरच्या जुन्या बाजारात पोहोचले. त्यामुळे या भागाच्या जुन्या टपालाचे जे चित्र उरले आहे ते एकांगी आहे. त्यात अडत्या भरपूर भेटतो. माहेरी खुशाली कळवणारी सासुरवाशीण क्वचित, आणि शेतमजूर जवळजवळ नाहीच. संग्राहकाने एखादे घरगुती कार्ड व्यापारी पाकिटापेक्षा जास्त जपले पाहिजे ते यासाठी.

स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत या गावांच्या पत्त्याचा अर्थ दोनदा बदलला. १९४७ च्या पत्रांवर 'जि. छिंदवाडा, सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असे असे. पाकिटावर राजा सहावा जॉर्ज कायम होता. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंग्याचे साडेतीन आण्यांचे, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. २६ जानेवारी १९५० पासून जुना मध्य प्रांत व वऱ्हाड 'मध्यप्रदेश' झाला आणि त्याची राजधानी नागपूरच राहिली. या सहा-सात वर्षांत पत्त्यात 'म. प्र.' लिहिले तरी ते नागपूरचे राज्य होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. सौंसर आणि पांढुर्ण्याची मराठी वस्ती अशी सीमेपलीकडे पडली. त्या दिवशी पत्त्यातला 'म. प्र.' तसाच राहिला, पण त्याचा अर्थ पार बदलला. ऑक्टोबर १९५६ चे कार्ड आणि नोव्हेंबर १९५६ चे कार्ड शेजारी ठेवले तर शिक्का तोच, तिकीट तेच, अक्षरही त्याच माणसाचे असू शकते. तारीख वाचली नाही तर फरक कळतच नाही.

याच काळात नागपूर साऱ्या देशाच्या टपालाचे मध्यबिंदू बनले होते. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, आपापसांत थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या शहरी पोहोचत. त्याच वर्षी एप्रिलपासून देशातली पत्रे जादा हशील न घेता विमानाने नेण्याचा निर्णय झाला. नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या गावांना याचा लाभ उघड होता. त्या पहिल्या रात्रीची पाकिटे हवाई टपालाच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. पण त्यांतली बरीचशी हौशी लोकांनी आपणच आपल्याला पाठवलेली. एखाद्या जिनवाल्याचे भावाची चौकशी करणारे, त्या दिवसांत आपसूक या वाटेने गेलेले साधे पाकीट इतिहास म्हणून त्याहून मोलाचे, आणि ते शोधणेही फार कठीण.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन आले. भारताच्या नकाशाची नवी तिकिटे नव्या पैशांत निघाली. दोन आण्यांचे साडेबारा नवे पैसे होत, म्हणून १३ नव्या पैशांचे तिकीट काढावे लागले. जुनी आण्यांची तिकिटेही काही काळ चालत राहिली. त्यामुळे एकाच पाकिटावर आणे आणि नवे पैसे शेजारी चिकटवलेले दिसतात. याला संग्राहक 'मिक्स्ड फ्रँकिंग' म्हणतात. छोट्या कचेऱ्यांत जुना साठा संपायला वेळ लागे, म्हणून अशी पाकिटे शहरांपेक्षा तालुक्याच्या गावांतून जास्त दिवस निघत राहिली असणार. यातले प्रत्येक तिकीट सुटे घेतले तर अगदी स्वस्त. पाकिटावर, वाचता येणाऱ्या शिक्क्यासह, योग्य दराने चिकटवलेली जोडी मात्र आधुनिक भारतीय टपालातली एक चांगली वस्तू मानली जाते.

'आधुनिक' आणि 'दुर्मिळ' हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात हे इथे समजून घ्यायला हवे. १८५४ चे चार आण्यांचे राणीचे डोके उलटे छापले गेलेले तिकीट किंवा १९४८ च्या गांधी तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी 'सर्व्हिस' असे छापलेले अवघे शंभर संच, ही दुर्मिळता मोजदादीची आहे. थोडी छापली, थोडी उरली. स्वातंत्र्यानंतरच्या सामान्य तिकिटांचे तसे नाही. रोजच्या वापराची तिकिटे कोट्यवधींनी छापली गेली आणि कोरी तिकिटे आजही मिळतात. त्यांची दुर्मिळता वापरात आहे. एखादा दर केवळ काही महिने चालला, एखादे मोठ्या किमतीचे तिकीट फक्त पार्सलाच्या फडक्यावर लागले आणि फडके फाडून टाकले गेले, एखादे शाखा पोस्ट चारच वर्षे चालले. तर त्या दराचे, त्या तिकिटाचे, त्या पोस्टाचे पाकीट शोधायला उभे आयुष्य पुरत नाही. १९४८ च्या गांधी मालिकेतच दीड आण्याचे तिकीट वापरलेल्या पाकिटांवर सहज सापडते. दहा रुपयांचे तिकीट खऱ्या टपालावर योग्य हशिलासाठी लागलेले क्वचितच दिसते.

याचे उत्तम उदाहरण १९७१ च्या निर्वासित कराचे आहे. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले आणि त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा कर बसला. तो ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला. करासाठी खास तिकीट तयार व्हायला अवकाश होता, म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रिफ्यूजी रिलीफ' असे छापून ते वापरात आणले. तेही सगळीकडे वेळेत पोहोचले नाही. मग ठिकठिकाणी स्थानिक छापखान्यांत किंवा रबरी शिक्क्याने तीच अक्षरे उमटवली गेली. अक्षरांचा आकार वेगळा, शाई वेगळी, कधी अक्षर चुकलेले. १ डिसेंबरपासून निर्वासितांचे चित्र असलेले खास तिकीट विक्रीला आले आणि स्थानिक ठशांची गरज संपली. पंधरा दिवसांच्या या अवकाशात वीस पैशांचे पत्राचे तिकीट आणि शेजारी स्थानिक ठशाचे पाच पैशांचे, अशी जी पाकिटे गेली त्यांना आज मोठी मागणी आहे. सुटी तिकिटे मात्र संशयास्पद, कारण रबरी शिक्का कोणीही नंतर करून घेऊ शकतो. विश्वास ठेवता येतो तो पाकिटावर, जिथे ठसा तिकिटावर आधी आणि तारखेचा शिक्का त्याच्यावर नंतर बसलेला दिसतो. मोठ्या शहरांच्या ठशांची नोंद बरीच झाली आहे. सौंसर-पांढुर्ण्यासारख्या उपडाकघरांतून त्या पंधरवड्यात निघालेले कोणतेही पाकीट, त्यावर कर कोणत्या तिकिटाने भरला हे पाहण्यासाठी, जपून ठेवण्यासारखे आहे.

पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोड आला. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ते केंद्रीय दळणवळण खात्यात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृत कवी म्हणूनही त्यांचे मोठे नाव आहे. १९७३ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या 'इंडिपेक्स' या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षही तेच होते. पत्रांची वर्गवारी करणारी पद्धत आणि त्या पत्रांचे संग्रह मांडणारे प्रदर्शन, दोन्ही एकाच मराठी माणसाच्या हातून व्हावीत हा सुंदर योग आहे. पिनचा पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटपाच्या कचेरीचे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही ४ मध्ये येतात. सौंसर ४८०१०६, लोधीखेडा ४८०१०८, पांढुर्णा ४८०३३४. हाकेच्या अंतरावरचे नरखेड ४४१३०४ आणि वरूड ४४४९०६. पहिला आकडा सगळ्यांचा एक. दुसऱ्या आकड्यावर सीमा उभी राहते. पिनचे रकाने छापलेली कार्डे आणि अंतर्देशीय पत्रे आल्यावरही लोक बराच काळ ते रकाने रिकामे सोडत. सुरुवातीच्या वर्षांत बरोबर पिन घातलेली खेड्यातली पत्रे त्यामुळे लक्ष वेधून घेतात.

अशा एखाद्या पाकिटाकडे जवळून पाहिले तर सीमेचा मुलूख त्यात दिसतो. समजा, १९८० च्या दशकातले रजिस्टर पत्र आहे. समोर डाव्या बाजूला 'आर' अक्षराची नंबर घातलेली पट्टी. उजवीकडे शेतीविषयक मालिकेतली तिकिटे, त्यांत कापसाचे चित्र असलेले एक रुपयाचे. कापूसपट्ट्याच्या टपालावर हे तिकीट विशेष शोभून दिसते. पत्ता मराठीत: मु. पो., ता., जि. छिंदवाडा, म. प्र. गोल शिक्क्यात गावाचे नाव वर हिंदीत, खाली रोमन अक्षरांत, मध्ये तारीख. मागे लाखेचे डाग आणि वाटेतल्या कचेऱ्यांचे ठसे. पत्र घेतले गेले नसेल तर पोस्टमनचा शेरा, आणि तो हिंदीत: 'लेने से इन्कार' किंवा 'बिना पता दिए चला गया'. पाठवणाऱ्याने नागपूर जिल्ह्यातून मराठीत लिहिलेले पत्र हिंदी शेरा घेऊन परत जाते. तेच पत्र नरखेडला नाकारले गेले असते तर 'घेण्यास नकार' असे लिहिलेले आढळले असते. लिपी दोन्हीकडे देवनागरी असल्यामुळे पत्ता कुणाला अडला नाही. सीमेवरच्या कानडी किंवा तेलुगू गावांच्या टपालात जी लिपीची अडचण दिसते ती इथे कधीच आली नाही, आणि या पट्ट्यात मराठी पत्रव्यवहार इतका टिकला त्याला हेही एक कारण आहे.

दिवाळी अंकांच्या व्ही. पी., लग्नपत्रिकांचे उघडे बुकपोस्ट, शाळांची प्रमाणपत्रे, बँकांच्या नोटिसा यांची पाकिटेही या संग्रहात हवीत. त्यांचा दर पत्रापेक्षा वेगळा असे, आणि तो तिकिटांच्या बेरजेवरून ताडून पाहता येतो. संग्राहकाच्या टेबलावर भिंगाइतकेच महत्त्व दरपत्रकाला आहे. पाकिटावर लागलेली तिकिटे त्या दिवसाच्या दराशी जुळली तर पाकीट खऱ्या गरजेपोटी गेले. जास्त लागली असतील तर ते बहुधा हौसेने पाठवलेले. कमी असतील तर दंडाचा ठसा कुठे आहे ते शोधावे लागते. टपाल खात्याच्या प्रथम दिवसाच्या आवरणांना, म्हणजे फर्स्ट डे कव्हरांना, संग्राहकांच्या घरात मानाची जागा असते. ती देखणी असतात यात शंका नाही. पण त्यांतली फार थोडी टपालातून जातात, आणि गावाच्या इतिहासाला त्यांचा उपयोग नाही.

रोजच्या तिकिटांतही बारकावे आहेत. कागदातले जलचिन्ह १९५० च्या दशकाअखेर तारकांवरून अशोकस्तंभाच्या सिंहांवर गेले, पुढे ते नाहीसेही झाले. एकच चित्र वेगवेगळ्या छिद्रणात आणि कागदावर छापले गेले. काही जोड्या थोडा काळच वापरात होत्या. छापताना रंग सरकला, एखादा रंग उतरलाच नाही, दोन तिकिटांमधली छिद्रे पडायची राहिली, अशा चुकाही होतात. याच ठिकाणी फसवणूक जास्त चालते. उन्हात ठेवून किंवा रसायनात बुडवून रंग उडवता येतो आणि 'रंग गाळलेले तिकीट' म्हणून विकता येते. कडेची छिद्रे कापून टाकून 'बिनछिद्राचे' तिकीट तयार होते. म्हणून जाणकार अशी चूक जोडीत असल्याशिवाय मान्य करत नाहीत. पाकिटांत जुने तिकीट दुसऱ्या पाकिटावर चिकटवून शिक्क्याचा उरलेला भाग पेनाने पुरा करण्याचा प्रकार घडतो. तिकिटावरची शिक्क्याची रेघ पाकिटावर त्याच शाईत, त्याच वळणाने उतरते की नाही, हे पाहणे ही पहिली परीक्षा.

जतनाच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान चांगल्या हेतूने झाले आहे. शाळकरी मुलांना तिकिटे पाण्यात भिजवून सोडवायला शिकवले गेले आणि पाकीट फेकून दिले गेले. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. पाकिटाचा कोपरा कापून ठेवला तरी शिक्क्याचा अर्धा भाग जातो आणि पत्ता तर जातोच. या भागातल्या उन्हाळ्याने कागद ठिसूळ होतो, पावसाळ्यात गोंद चिकटून पाकिटे एकमेकांना घट्ट बसतात, आणि माळ्यावरच्या गठ्ठ्यांत वाळवी शिरते. सेलोटेप लावलेल्या पाकिटावर काही वर्षांत तपकिरी डाग उमटतो, तो जात नाही. पाकीट अख्खे, सपाट, आम्लरहित प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये, पेन्सिलीने मागे नोंद करून ठेवणे हाच मार्ग आहे. मजकुराचे पत्र आत असेल तर ते वेगळे करू नये. त्यातल्या कापसाच्या भावामुळे किंवा दुष्काळाच्या उल्लेखामुळे पाकिटाची किंमत कितीतरी वाढते.

टपाल खात्यानेही संग्राहकांसाठी सोयी केल्या आहेत. नागपूरच्या जी.पी.ओ.त फिलाटेलिक ब्युरो आहे, ठेव खाते उघडले की नवी तिकिटे घरपोच येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्पर्श योजनेत सहावी ते नववीच्या तिकीट संग्राहक विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. चंदनाच्या वासाचे तिकीट २००६ मध्ये निघाले, खादीवर छापलेले गांधींचे तिकीट २०११ मध्ये. ही तिकिटे मुद्दाम संग्राहकांसाठी काढलेली असल्यामुळे ती पत्रावर लागलेली दिसत नाहीत, आणि म्हणूनच खऱ्या टपालातून गेलेले खादीचे तिकीट आजच्या काळातली एक खरी दुर्मिळ गोष्ट आहे.

तिकिटे लावण्याचे प्रसंगच कमी झाले आहेत. मोठ्या कारखान्यांच्या आणि बँकांच्या टपालावर तिकिटाऐवजी फ्रँकिंग मशीनचा लाल ठसा येऊ लागला. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक वसाहतीमुळे तसे टपाल या भागातही आले. पुढे खिडकीवर संगणक बसले आणि रजिस्टर व स्पीडपोस्टच्या पाकिटावर तिकिटाऐवजी बारकोडची पट्टी चिकटू लागली. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. खिडकीवर 'तिकीटच लावा' असे आग्रहाने सांगणारा ग्राहक असेल तरच त्यानंतर रजिस्टर पत्रावर तिकिटे दिसत. त्यामुळे गेल्या वीस वर्षांतले रोजच्या तिकिटांचे रजिस्टर पाकीट पन्नास वर्षांपूर्वीच्या पाकिटापेक्षा मिळायला अवघड झाले आहे. बहुतेक संग्राहकांना हे अजून पटलेले नाही, आणि ती पाकिटे आजही कचऱ्यात जात आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा झाला. दीडशेहून अधिक वर्षे लिहिला जाणारा 'जि. छिंदवाडा' हा पत्ता सुटला. पिन मात्र ४८० चाच राहिला. कित्येक लोक जुन्या सवयीने छिंदवाडाच लिहितात आणि पत्र बिनचूक पोहोचते, कारण आता वर्गवारी जिल्ह्याच्या नावावर होत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर टपालाची वेगळी सेवा स्पीडपोस्टमध्ये विलीन झाली. म्हणजे नव्या जिल्ह्याचे नाव पत्त्यात आणि 'रजिस्टर' सेवेची पट्टी पाकिटावर, असे पाकीट ऑक्टोबर २०२३ पासून या विलीनीकरणापर्यंतच्या सुमारे दोन वर्षांतलेच असू शकते. त्यावर बारकोडबरोबर खरी तिकिटे असतील, सौंसरचा किंवा पांढुर्ण्याचा स्वच्छ शिक्का असेल आणि पत्ता मराठीत असेल, तर या दोन गावांच्या संग्रहात त्या काळाचे प्रतिनिधित्व तेच करील. अशी पाकिटे सध्या रद्दीत नसून लोकांच्या कपाटांत, जमिनीच्या नोटिसांच्या आणि कोर्टाच्या समन्सांच्या फायलींत आहेत.